रुग्ण म्हणतो, ‘भिंतीतून आवाज येतोय’. नर्सिंगच्या विद्यार्थ्याने काय बोलावं?

‘असं काही नाही हो’ म्हणून वाद घालू नका आणि ‘हो, मलाही येतोय’ असंही म्हणू नका. पहिल्याने तो एकटा पडतो, दुसऱ्याने भास पक्का होतो. शांतपणे म्हणा, ‘मला आवाज ऐकू येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि भीती वाटतेय, हे मला दिसतंय.’

मग आवाज काय सांगतोय ते सरळ विचारा. स्वतःला किंवा कुणाला इजा करायला सांगत असेल, तर त्याला एकटं न सोडता लगेच सिस्टरांना कळवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. विद्यार्थी इथेच फसतात, कारण रुग्णाचा विश्वास गमवायची भीती असते.

कानांवर हात दाबून बसलेल्या माणसाच्या खांद्यावर मागून हात ठेवू नका. समोरून या, नाव घ्या, हातभर अंतर ठेवा. दाराकडची बाजू मोकळी असू द्या, त्याच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही.

अमेरिकन परिचारिका आणि शुश्रूषा-अभ्यासक हिल्डेगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच शुश्रूषेचा गाभा मानला. परीक्षेत त्याचे टप्पे लिहाल, पण वॉर्डात ते नातं ‘दहा मिनिटांत येते’ म्हणून खरंच दहा मिनिटांत परत येण्यातून जुळतं.