देव मानणारी माणसं जास्त दानधर्म करतात का? नास्तिक माणसाचा हात आखडता असतो का?

जास्त देतात, हे खरं आहे. पण देव मानतात म्हणून नाही, त्यांच्या दारात मागायला कुणीतरी जातं म्हणून. मी कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या एका तालीम मंडळाचा खजिनदार आहे, पावतीपुस्तक घेऊन फिरण्यात निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळं कुणाचा हात कशानं सैल होतो हे मी रोज बघितलंय.

तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही कारण आमचे दाजी. पुण्याला असतात, देवधर्म काही मानत नाहीत, तो त्यांचा प्रश्न. पण दरवर्षी गौरी-गणपतीला आले की जेवताना हाच विषय काढतात, की वर्गणी म्हणजे दान नव्हे, ते भीतीपोटी नाहीतर पुण्य मिळवायच्या लोभापोटी दिलेले पैसे, त्याचं कौतुक कसलं करता. पाव्हणे म्हणून आजवर मी फार ताणलं नाही.

आता 2019 चं सांगतो. ऑगस्टमध्ये पूर आला, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी 55 फुटांच्या वर गेलेली, धोक्याची पातळी 43 आहे, म्हणजे विचार करा. चिखली, आंबेवाडी ही गावं पाण्यात, शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला पाणी नाही. आणि गणपती होते 2 सप्टेंबरला. आमची वर्गणी बऱ्यापैकी जमलेली, मांडववाल्याला इसार द्यायचा बाकी होता. मीटिंग बसली, पोरांनी एका दमात ठरवलं की यंदा मूर्ती लहान, मिरवणूक नाही, सगळे पैसे पूरग्रस्तांना. मी म्हटलं थांबा. लोकांनी हे पैसे गणपतीच्या नावानं दिलेत, पावतीवर तसं छापलंय, मग त्यांना न विचारता आपण कोण वळवणार? पोरं चिडली, माणसं शाळेत सतरंजीवर झोपल्यात आणि तुम्ही पावती कसली बघताय म्हणाली. तरी मी परत घरोघरी गेलो, विचारायला.

बहुतेकांनी "वळवा की, त्यात विचारायचं काय" म्हणून सांगितलं. एक काकू आहेत, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईला गेल्याशिवाय पाणी घेत नाहीत, त्या म्हणाल्या, "ते देवाचे, ते देवालाच राहू देत. पुराला वेगळे घे." आणि आत जाऊन डब्यातनं काढून आणले, वर्गणीपेक्षा जास्त होते. आता ह्यात भीती कुठं आणि लोभ कुठं ते दाजींनी मला दाखवावं. दुसरे एक, तेही मोठे भक्त, देवळाच्या फरशीवर नाव कोरलेलं आहे, त्यांनी पैसे परत मागितले. पावती रद्द केली आणि दिले, त्यांचा हक्क होता, पण मनातनं उतरले ते उतरलेच. बकरी ईद त्या वर्षी 12 ऑगस्टला, ऐन पुरात आली, तर गल्लीतल्या एका चाचांनी कुर्बानीसाठी ठेवलेल्या पैशातनं निम्मे आणून दिले आणि पावतीवर नाव घालू नको म्हणाले.

आणि एक रिटायर्ड सर. पक्के नास्तिक, गणपतीला कधी रुपया दिला नाही, पोरं त्यांचं दार सोडूनच पुढं जायची. मी गेलो. सर म्हणाले, "मिरवणुकीला मागितलंस तर देणार नाही. कॅम्पवर काय कमी आहे ते सांग." औषधं, चादरी, बायकांना लागणाऱ्या वस्तू, सगळं स्वतः रिक्षात घालून घेऊन गेले आणि पाणी उतरेपर्यंत रोज जात होते. एवढी वर्षं ह्या माणसाकडं गणपती सोडून दुसरं काही मागायला आमच्यातलं कुणी गेलंच नव्हतं, आणि पेठेत नाव झालेलं चिक्कू म्हणून.

दाजींनी मागं एक बातमी पाठवलेली, 2015 चा सहा देशांतल्या लहान मुलांचा अभ्यास, धार्मिक घरातली मुलं स्टिकर वाटून घेण्यात जास्त कंजूष निघाली म्हणून. जगभर गाजला तो. पुढं कळलं की देश नुसते ओळखायला जे नंबर दिलेले, ते हिशेबात खऱ्या आकड्यांसारखे धरलेले. ते नीट केल्यावर धर्माचा आणि वाटून घेण्याचा संबंधच उरला नाही, आणि 2019 ला तो पेपर मागं घेतला. ती बातमी दाजींनी काही पाठवली नाही, मी पाठवली. माझं काय म्हणणं आहे ते अमेरिकेत पुटनम आणि कॅम्पबेल ह्या दोन समाज-अभ्यासकांनी 2010 मध्ये मांडलंय. श्रद्धा किती पक्की ह्यावर देणं ठरत नाही, चर्चमध्ये मित्र किती आहेत ह्यावर ठरतं.

म्हणजे ओळखीचं माणूस, ठरलेला दिवस आणि मागायची रीत. धर्माकडं हे तयार असतं. मुस्लिमांच्या जकातीत, म्हणजे धर्मानं सांगितलेल्या दानात, तर हिशेबच बांधून दिलाय, ठरावीक मर्यादेच्या वर शिल्लक असेल तर वर्षाला अडीच टक्के. 2020 च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं 36 लाख जमवून तिथल्या आयजीएम ह्या सरकारी हॉस्पिटलला 10 बेडचा आयसीयू करून दिला, तोही सगळ्यांसाठी. शाहू महाराजांनी हेच ओळखलेलं. 1901 पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, महाराजांनी जागा आणि मदत दिली, बाकीचं समाजानं उभं करायचं. आपल्या पोरांसाठी म्हटलं की माणूस खिशात हात घालतो.

आता ह्याचीच दुसरी बाजू पण सांगतो. आपल्यासाठी म्हणून दिलेलं बरंच आपल्यातच राहतं. भाविक जे देतात त्यातलं पुष्कळ देवळालाच जातं, चर्चला जातं, आणि ते बाजूला काढलं तर भाविक आणि बाकीचे ह्यांच्यातलं अंतर खूप कमी होतं. नवस फेडायचा म्हणून देणारेही असतात, दाजींचं तेवढं बरोबर आहे. पण ज्यांना देवाच्या नावानं मागणं पटत नाही त्यांनी दुसऱ्या कशाच्या तरी नावानं मागायला बाहेर पडावं की. शाळेच्या नावानं मागा, रक्तपेढीच्या नावानं मागा. घरात बसून दुसऱ्याच्या दानाची जात तपासू नका. तुम्हीही हा प्रश्न कुणाला हरवायला विचारला असेल तर त्या माणसाकडं आधी एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे मागून बघा, उत्तर तिथंच मिळेल.

मी बोलतोय ते एका पेठेवरनं, जिथं सगळे एकमेकांना ओळखतात. मोठ्या सोसायटीत, जिथं शेजारी कोण राहतं माहीत नसतं, तिथं कदाचित वेगळं असेल. आणि वर्गणी मागायला कुणीही येवो, धर्मादाय कार्यालयाची परवानगी आहे का विचारा, पावती घ्या आणि नंतर हिशेब मागा. आमच्याकडं विसर्जनानंतर तालमीच्या बोर्डावर लागतो. 2019 चा लावला तेव्हा पुराचे पैसे वेगळ्या रकान्यात होते आणि काकूंच्या वर्गणीतनं गणपतीचा हार आणलेला, तोही त्यात लिहिला होता.