अकरावी सायन्सला गणित घेऊ, बायो घेऊ की कॉम्प्युटर सायन्स?

इंजिनिअरिंग की मेडिकल हे अजून ठरलं नसेल, तर गणित आणि बायो दोन्ही घ्या. इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो: सहा विषयांत बसतं.

खरी गफलत बायफोकलमध्ये, म्हणजे व्यावसायिक विषय घेताना होते. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा विषय २०० गुणांचा असतो. तो दुसऱ्या भाषेसोबत आणखी एका विषयाची जागा खातो आणि बहुतेक कॉलेजांत जाणारा विषय बायोच असतो. ‘गुण चांगले पडतात’ म्हणून मुलं बायफोकल घेतात आणि तिथेच नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा, रस्ता अवघड होतो. आयटीचं तसं नाही, तो १०० गुणांचा आणि फक्त भाषेच्या जागी येतो. प्रवेश घेतानाच विचारा, ‘यात माझा कोणता विषय जातोय?’

पात्रता बघा. एमबीबीएसला नीट तर हवीच, शिवाय बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून खुल्या प्रवर्गाला ५०% म्हणजे ३०० पैकी १५० आणि आरक्षित प्रवर्गाला ४०%. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून इंजिनिअरिंगला फिजिक्स, गणित आणि तिसरा विषय (बहुतेकांचा केमिस्ट्री) मिळून ४५%, म्हणजे १३५. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीयांना ४०%. सीईटीला उत्तम पर्सेंटाइल असूनही बारावीचे हे गुण कमी पडले तर प्रवेश मिळत नाही, म्हणून बोर्डाकडे दुर्लक्ष करू नका. बी. फार्मला गणित किंवा बायो, काहीही चालतं. पायलट व्हायचं असेल तर मात्र फिजिक्स आणि गणित लागतंच.