शीघ्रपतनासाठी सुंता करून घ्यावी का?

लग्नाला दोन वर्षे झाली, पहिल्या संबंधापासूनच मिनिटभरात वीर्यपतन होते, पत्नी काही बोलत नाही पण आता तुम्हीच तिच्याजवळ जायचे टाळता, आणि एका क्लिनिकने ‘सुंता करा, प्रश्न कायमचा मिटेल’ असे सांगून शस्त्रक्रियेची तारीखही दिली आहे, असे तुम्ही कळवले आहे. ती तारीख आधी रद्द करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सुंतेमुळे संवेदना कमी होऊन वेळ वाढतो, हा समज जुना असला तरी अभ्यासांतून त्याला ठाम आधार मिळालेला नाही. सुंतेमुळे एचआयव्हीची लागण टळते का, हे पाहण्यासाठी केनियातील किसुमू येथे झालेल्या मोठ्या चाचणीत, सुंता केलेल्या आणि न केलेल्या पुरुषांमध्ये दोन वर्षांनंतरही शीघ्रपतनाच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. एकदा काढलेली त्वचा मात्र परत येत नाही.

तुमची तक्रार पहिल्यापासूनची आहे. अशा शीघ्रपतनात शरीराची घडणच बहुधा कारणीभूत असते, म्हणून स्वतःला दोष देऊ नका. त्यावर उपचार आहेत. वीर्यपतन लांबवणाऱ्या डॅपॉक्सेटिन या औषधाची ३० मिलिग्रॅमची गोळी संबंधापूर्वी एक ते तीन तास घेतात. परंतु तिने चक्कर येऊ शकते, मद्यासोबत ती घेऊ नये, आणि हृदयविकार असल्यास किंवा नैराश्यावरची औषधे चालू असल्यास ती धोकादायक ठरते, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. लिडोकेन-प्रिलोकेनचे बधिर करणारे मलम दहा-वीस मिनिटे आधी लावून, संबंधापूर्वी पुसून टाकावे लागते, अन्यथा पत्नीलाही बधिरपणा येतो. उत्तेजना टोकाला पोहोचण्याआधी थांबायचे, ती ओसरली की पुन्हा सुरू करायचे, हा १९५६ मध्ये अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स सीमन्स यांनी मांडलेला सराव आजही शिकवला जातो. त्याला चिकाटी लागते आणि पत्नीची साथही लागते. तिचे मौन म्हणजे नाराजी असे तुम्ही धरून चालला आहात, पण तिला विचारलेले मात्र दिसत नाही. शक्य असल्यास तिला सोबत घेऊनच यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा.

पुढची त्वचा मागे सरकत नसेल, किंवा तिथे वारंवार सूज आणि जंतुसंसर्ग होत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा सुंता हा योग्य उपचार ठरू शकतो, पण तो त्या आजारासाठी. तसा त्रास असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि अशा त्रासामागे मधुमेहही असू शकतो, म्हणून रक्तातील साखरही तपासून घ्या.