बॉयलर चालू आहे तोवरचे सहा हजार युरो

जर्मनीत एर्लांगनजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. घर 1994 चं, जोडघराचा अर्धा भाग. तळघरात घर तापवणारा 2003 सालचा गॅस बॉयलर, अजून कुरकुर न करता चालणारा. गॅस वर्षाला 18,000 युनिट (किलोवॉट-तास). हीट पंपाचं कोटेशन हातात आहे, 34,000 युरोंचं, आणि बँकेतली शिल्लक 30,000. नवऱ्याचं म्हणणं, पैसे एनआरई एफडीत (परदेशातल्या कमाईच्या भारतातल्या मुदत ठेवीत) टाकू, बॉयलर बंद पडेल तेव्हा बघू, नाहीतरी थोरलीची शाळा संपली की सहा-सात वर्षांत पुण्याला परतायचंय. त्यात आइंडहोवनची मैत्रीण सांगते की हीट पंपानं बिल निम्म्यावर आलं. इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणारे दीर सांगतात की त्यांचं बिल उलट वाढलं, फसू नका. ताई विचारतात, ऐकू कोणाचं?

ताई, दोघंही खरं सांगताहेत. फक्त दोघांचा हिशोब त्यांच्या त्यांच्या देशातला आहे आणि तुमच्या तळघरात तो चालणार नाही.

हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, आणि एक युनिट वीज खाऊन साधारण तीन युनिट उष्णता घरात आणतो. बॉयलर एक युनिट गॅस जाळून 0.9 युनिट देतो. म्हणजे पंप स्वस्त पडेल की महाग, हे ठरतं वीज गॅसच्या किती पट महाग आहे यावर. ब्रिटनमध्ये गेली दोन-तीन वर्षं हा आकडा चारच्या आसपास राहिलाय. 2025 च्या शेवटी विजेचा दर युनिटला 26 पेन्सच्या घरात होता आणि गॅसचा 6 पेन्सच्या. एवढी तफावत असली की पंपानं एकाचे पावणेचार केले तरच बरोबरी होते, आणि जुन्या घरात तेवढं निघत नाही. दिरांचं बिल वाढलं त्यात पंपाचा दोष कमी, दराचा जास्त. त्यांना बसवताना मात्र सोपं गेलं असणार. तिथं 7,500 पौंडांची सरकारी मदत बसवणारा स्वतःच मागतो आणि बिलातून वजा करून देतो.

नेदरलँड्समध्ये गॅसवर करच इतका आहे की वीज जेमतेम दुपटीनं महाग पडते. शिवाय मैत्रिणीच्या छतावर सोलर पॅनेलं आहेत का, विचारून बघा. असतील तर उन्हाळ्यात ग्रिडला दिलेली वीज तिला हिवाळ्यातल्या विजेतून वळती करून मिळते. ही सोय 1 जानेवारी 2027 पासून बंद होतेय. तेव्हा तिला पुन्हा फोन करा.

आता तुमचं. गॅस युनिटला 11 सेंट धरला तर 18,000 युनिटांचे 1,980 युरो. त्यातून घराला मिळते 16,200 युनिट उष्णता. फ्राउनहोफर संस्थेनं जर्मनीतल्या जुन्या, राहत्या घरांमधले पंप प्रत्यक्ष मोजले होते. हवेवर चालणाऱ्या पंपांची वर्षाची सरासरी 3.1 आली, म्हणजे एका युनिट विजेमागे 3.1 युनिट उष्णता. त्या हिशोबानं तुम्हाला साधारण 5,230 युनिट वीज लागेल. हीट पंपाचा वेगळा दर घेतला, तो 27 सेंट धरू, तर 1,410 युरो. वर्षाला 570 युरो वाचतात. पण तीच वीज घरच्या साध्या दरानं, 38 सेंटनं घेतली तर बिल येतं 1,985 युरो. म्हणजे गॅसएवढंच! 34,000 खर्चून शून्य. तुमच्या कोटेशनमध्ये वेगळ्या मीटरचा उल्लेखच नाही. पंप बसवणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं, बिल तुम्हाला येणार असतं. 2024 पासून नव्या पंपधारकांना ग्रिडचं शुल्क कमी लागतं. बदल्यात फार ताण आला तर वीज कंपनी पंपाची वीज 4.2 किलोवॉटपर्यंत खाली आणू शकते. घरात ते सहसा कळतही नाही.

थंडीची भीती मात्र सोडा. हजार घरांमागे सर्वांत जास्त हीट पंप कुठे असतील तर नॉर्वेत, सहाशेच्या वर. स्वीडन आणि फिनलंडही मागे नाहीत. तुमच्या फ्रांकोनियातली थंडी त्यांच्यापुढे पुण्याची.

खरी गोम अनुदानात आहे. केएफडब्ल्यू या सरकारी बँकेतून 30 टक्के सगळ्यांना मिळतात. यंत्रात उष्णता वाहून नेणारा वायू (रेफ्रिजरंट) नैसर्गिक असेल तर आणखी 5, आणि तुमच्या कोटेशनमधल्या यंत्रात प्रोपेन आहे, म्हणजे ते मिळतील. जुनं हीटिंग काढून टाकल्याबद्दल आणखी 20. उत्पन्नावरचे 30 टक्के वर्षाला 40,000 पर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्यांना मिळतात. तुम्ही दोघं कमावता, ते विसरा. एकूण 55 टक्के, पण 34,000 वर नाही. एका घराला खर्च 30,000 पर्यंतच धरतात. म्हणून 16,500. खिशातून जातील 17,500.

त्या 20 टक्क्यांची अट नीट वाचा. गॅस बॉयलर किमान 20 वर्षांचा हवा, घरात मालक स्वतः राहत हवा आणि बॉयलर *चालू* हवा. तुमचा 2003 चा आहे, तुम्ही तिथंच राहता, तो चालतोय. तिन्ही अटी आज पुऱ्या होतात. तुमचे यजमान म्हणतात तसं तो मरेपर्यंत थांबलात तर त्याच दिवशी 6,000 युरो गेले. वर तो मरणार जानेवारीत, ज्या आठवड्यात कुठलाही कारागीर फोन उचलत नाही. मग घाईत 11-12 हजारांचा नवा गॅस बॉयलर बसतो आणि पुढची वीस वर्षं गॅसवरचा कार्बन कर भरत राहायचं. हा कर 2021 मध्ये टनाला 25 युरो होता, 2025 मध्ये 55 झाला. तुमच्या आजच्या बिलातच त्यापोटी वर्षाला दोनशेच्या वर युरो आहेत, फक्त ते वेगळे दिसत नाहीत.

"बॉयलर बंद पडेल तेव्हा बघू" हे फुकट नाही, त्याची किंमत सहा हजार आहे. तुम्हा नवरा-बायकोच्या बोलण्यात एवढी एकच गोष्ट सुटलीय.

एफडीबद्दल थोडं कडक बोलतो. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं, हे खरं. पण जर्मनीत राहणाऱ्यानं जगभरातलं उत्पन्न दाखवायचं असतं, आणि ठरलेल्या सवलतीपलीकडच्या व्याजावर तिथं 26 टक्क्यांवर कर आहे. शिवाय ठेव रुपयांत. 2022 मध्ये युरो ऐंशीच्या आसपास होता, 2025 मध्ये त्यानं शंभरी ओलांडली. त्या वेळी 10,000 युरोंचे आठ लाख केले, तीन वर्षं सात टक्के धरले, तर झाले 9 लाख 80 हजार. 102 च्या भावानं परत युरो केले तर 9,600 हातात येतात. पुण्यात राहायला जाणार असाल तेव्हा रुपये लागतीलच, तिथं ही ठेव योग्य. जर्मनीतल्या छपराच्या खर्चासाठी नाही.

मग पंप बसवाच, असं म्हणू? करा, पण हे कोटेशन नाही.

त्याच्या दुसऱ्या पानावर 12 किलोवॉटचं यंत्र आहे. तुमच्या 18,000 युनिट गॅसवरून ढोबळ हिशोब केला तर घराला सात-आठ किलोवॉट पुरतात. मोठं यंत्र महाग तर पडतंच, वर सतत चालू-बंद होऊन वीज जास्त खातं. खोलीगणिक उष्णतेचा हिशोब मागा, लेखी. तो दिल्याशिवाय जो सही मागतो त्याच्याकडून घेऊ नका. आणखी दोन कोटेशनं आणा. लहान यंत्रावर किंमत 30,000 च्या खाली आली तर वरचे चार हजार, ज्यांवर अनुदानच नाही, आपोआप गळतील.

त्याआधी एक फुकटची परीक्षा आहे. बाहेर शून्याच्या खाली गेलं की एका रात्री तळघरात जाऊन बॉयलरचं पाणी 55 अंशांवर आणा आणि रेडिएटर सगळे पूर्ण उघडा. सकाळी घर उबदार असेल तर पंपाला तुमचं घर मानवेल. एखादीच खोली गार राहिली तर तिथला रेडिएटर मोठा करावा लागेल, ते काम काही शेकड्यांत होतं. सगळंच घर गार पडलं तर थांबा. आधी खिडक्या आणि वरचा माळा बघावा लागेल, मग 3.1 विसरा.

पैशाचा क्रमही महत्त्वाचा. हॉलंडमध्ये घरमालक आधी बसवतात आणि मग अर्ज करतात. तुमच्याकडे उलटं. करारात "अनुदान मंजूर झालं तरच करार लागू" असं कलम हवं, मग अर्ज, मंजुरी, आणि त्यानंतर काम. अनुदान हातात येतं काम संपल्यावर. म्हणजे मधल्या काळात पूर्ण रक्कम तुम्हीच भरायची, आणि तुमची शिल्लक 30,000 आहे. ती खरवडू नका. घरातली मिळकत 90,000 पर्यंत असेल तर केएफडब्ल्यूचं याच कामासाठी कमी व्याजाचं पूरक कर्ज आहे, ते विचारा. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत राहिलाच पाहिजे.

मंजुरीनंतर काम करायला 36 महिने मिळतात, म्हणून अर्जाची घाई करा, कामाची नको. अनुदानाचा भरवसा कुठल्याच देशात धरू नये. पोलंडनं आपली योजना नोव्हेंबर 2024 पासून काही महिने बंद ठेवली, फ्रान्सनं 2025 च्या उन्हाळ्यात मोठ्या नूतनीकरणाचे नवे अर्ज थांबवले. जर्मनीतल्या 2025 च्या सरकारनंही हीटिंगचा कायदा बदलायचं आघाडीच्या करारातच लिहिलंय. पुढे काय येईल त्यावर पैज लावण्यापेक्षा आज जे कागदावर आहे ते घ्यावं.

परतण्याचं मात्र दोघांनी बसून ठरवा. सहा-सात वर्षांत वाचतील साडेतीन-चार हजार, खिशातून गेलेत 17,500. उरलेलं घर विकताना वसूल व्हायला हवं. किती होईल ते मी सांगणार नाही, पण वीस वर्षांहून जुन्या गॅस बॉयलरवर गिऱ्हाईक भाव पाडतंच. दोन-तीन वर्षांतच जाणार असाल तर मी हात लावणार नाही. आणि घर भाड्यानं देऊन जायचा बेत असेल तर अर्ज तुम्ही तिथं राहत असतानाच व्हायला हवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की स्वयंपाकाची शेगडी गॅसवरच ठेवायची आहे, फुलक्यांसाठी आणि भरताच्या वांग्यांसाठी. गॅसचं कनेक्शन राहिलं तर मीटरचा स्थिर आकारही राहतो, वर्षाला दीडशे युरोंच्या घरात. वरच्या 570 मध्ये तो धरलेला नाही. वांगी ओव्हनमध्येही भाजतात, पण त्यावर मी सल्ला देत नाही.