वाचकांचे प्रश्न : घरबसल्या विमानोड्डाण

प्रश्न : आमचा नववीतला नातू सुट्टीत विमान उडवण्याचे गेम खेळतो. लोहगावहून निघून तो हमखास सिंहगडाच्या डोंगरावर आपटतो आणि ‘काटा साडेतीन हजार फूट दाखवत होता, गेमच चुकीचा आहे’ म्हणून आदळआपट करतो. त्याचे म्हणणे खरे आहे का? शिवाय या खेळांतून काही शिकायला मिळते का, की सगळा वेळ वायाच जातो?
— एक आजोबा, सहकारनगर, पुणे

उत्तर : गेमची काही चूक नाही. विमानातला अल्टिमीटर उंची मोजतो ती समुद्रसपाटीपासून, खालच्या जमिनीपासून नव्हे. लोहगावची धावपट्टीच मुळात सुमारे १,९४० फुटांवर असल्यामुळे काटा साडेतीन हजारांवर गेला, तरी नातवाचे विमान पुण्याच्या छपरांपासून जेमतेम दीड हजार फूट वर असते, आणि सिंहगडाचा माथा तर सुमारे ४,३०० फुटांवर आहे. त्यातून हा काटा हवेच्या दाबावर चालतो. दाब एका हेक्टोपास्कलने बदलला की वाचनात सुमारे तीस फुटांचा फरक पडतो, म्हणून उड्डाणापूर्वी त्या दिवसाचा दाब बटण फिरवून लावून घ्यावा लागतो. नातवाला साडेपाच हजारांवर जाऊन गड ओलांडायला सांगावे. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा डोंगर ओलांडून पुण्याच्या बाजूला खाली उतरताना विमानालाही खाली दाबतो, तेव्हा एवढी उंची हाताशी असलेली बरी.

शिकायला काय मिळते, हे गेमवर अवलंबून आहे. २०१६ साली आलेल्या ‘नो मॅन्स स्काय’मध्ये गणिती सूत्रांतून तयार होणाऱ्या ग्रहांची संख्या अठरावर अठरा शून्ये इतकी प्रचंड आहे, पण तिथले यान बटण दाबले की मुकाट्याने उडते. भटकंतीची मौज म्हणून ते उत्तमच आहे आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. फक्त त्यातून उड्डाण कळत नाही. याउलट ‘एक्स-प्लेन’ हा सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या उड्डाणाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, पंखांचे आणि पंख्याच्या पात्यांचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकावर हवेचा किती जोर पडतो, याचे गणित सेकंदाला अनेकदा मांडतो. त्यामुळे नाक अवाजवी वर उचलले की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि इंजिन धडधडत असूनही विमान कोसळू लागते. अशा वेळी घाबरून नाक आणखी वर ओढावेसे वाटते, पण उपाय नेमका उलटा, म्हणजे नाक खाली करण्याचा असतो. पाठ्यपुस्तकातले चार परिच्छेद वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे दोन-चारदा आपटल्यावर पक्के बसते.

खर्चाचे आपण विचारलेले नाही, पण तो प्रश्न लवकरच येईल. ‘फ्लाइटगिअर’ हा सिम्युलेटर पूर्णपणे मोफत आहे. सुरुवात त्याच्यापासून करावी. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ची मालिका १९८२ पासूनची, मात्र तिची २०२० ची आवृत्ती जगभरचा भूप्रदेश इंटरनेटवरून खेचून घेते, त्यामुळे चांगले ग्राफिक्स कार्ड आणि वेगवान नेट यांवाचून ती रखडते. त्यातल्या बहुतेक इमारती संगणकाने अंदाजाने उभ्या केलेल्या असल्यामुळे आपली सोसायटी ओळखू आली नाही, तर नवल मानू नये. महागड्या संगणकाआधी साधी जॉयस्टिक घ्यावी, कारण कीबोर्डवर हलका दाब देताच येत नाही.

प्रश्न : घरच्या सिम्युलेटरवरचे तास पायलटच्या परवान्यासाठी धरतात का?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : नाही. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि सिम्युलेटरचे तास धरायचे, तर ते उपकरण डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेलेच हवे. घरी चेकलिस्टचा क्रम आणि रेडिओवरची भाषा यांचा सराव अवश्य करावा. मात्र पडद्यासमोर बसून सतत काट्यांकडेच पाहण्याची सवय जडते, ती प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी मोडावी. नवशिक्याने नजर बाहेर, क्षितिजावर ठेवावी, अशीच प्रशिक्षकाची अपेक्षा असते.