माळ्यावरची हॉर्नेट पुन्हा धावेल का?

प्रश्न : माझे मामा नोकरीनिमित्त सिंगापूरला असत. १९८६ साली त्यांनी मला तामिया कंपनीची ‘हॉर्नेट’ ही रेडिओवर चालणारी गाडी सुट्या भागांच्या खोक्यात आणून दिली आणि आम्ही दोघांनी ती आठवडाभर बसून जोडली. पुढे माझे कॉलेज सुरू झाले आणि गाडी बॅटरीसकट माळ्यावर गेली. गेल्या महिन्यात घर रिकामे करताना ती सापडली. सांगाडा शाबूत आहे, पण बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर जमला आहे आणि काही तारा कडक झाल्या आहेत. नवी बॅटरी आणून थेट जोडून पाहावी का? गती बदलणारा जुना यांत्रिक भाग ठेवावा की काढून टाकावा? — एक वाचक, नाशिक

उत्तर : कृपया बॅटरी थेट जोडू नका. आपल्या गाडीतील गतिनियंत्रक हा एका सर्व्होने (रेडिओच्या संकेतानुसार ठराविक कोनात वळणाऱ्या छोट्या मोटारीने) फिरणारा साधा स्विच आहे. त्याचा हलता दांडा इतकी वर्षे ज्या जागी अडकला असेल, तीच त्याची आज्ञा. ती जागा पूर्ण वेगाची असेल, तर बॅटरी जोडताक्षणी गाडी टेबलावरून उडी घेईल, किंवा चाके जाम असतील तर मोटार आणि तारा मिनिटभरात तापतील. म्हणून प्रत्येक भाग वेगळा काढून, वेगळा तपासून, मगच एकत्र जोडावा.

हॉर्नेट १९८४ साली बाजारात आली. मागे ५४० आकाराची कार्बन ब्रशची मोटार, फक्त मागच्या चाकांना गती, दोन सर्व्हो (एक सुकाणूसाठी, दुसरा वेगासाठी) आणि ७.२ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी, इतकी तिची वीजव्यवस्था साधी आहे. तामियाने २००४ साली हीच गाडी पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे प्लॅस्टिकचे बरेचसे भाग आजही मिळू शकतात. आपल्या मूळ गाडीचे मोल मात्र वेगळे आहे, म्हणून जे काही कराल ते पुन्हा उलट करता येईल असेच करा.

सुरुवात बॅटरीपासून. तिच्यात प्रत्येकी १.२ व्होल्टचे सहा सेल असतात. त्यांतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरले की हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पांढरा थर तयार होतो. हिरवा रंग तांब्याच्या क्षारांचा. ही बॅटरी चार्ज करून पाहण्याचा मोह टाळा. कॅडमियम विषारी असल्याने ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्या. हातमोजे आणि चष्मा घालून थरावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस फिरवा. ते अल्कधर्मी द्रव्य निष्क्रिय करते. नंतर स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या.

कडक झालेल्या तारा मात्र पुसून सुधारत नाहीत. पाझरलेले द्रव्य आवरणाच्या आत तांब्याच्या धाग्यांमधून पुढे सरकत जाते आणि बाहेरून ठीक दिसणारी तार आतून काळी पडलेली असते. तिचे टोक सोलून पाहा. तांबे लालसर चकाकत नसेल, तर चकाकणारा भाग लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, कितीही फ्लक्स लावला तरी. अशा तारेला कापून नवी मऊ सिलिकॉन आवरणाची जाड तार जोडणे बरे. मूळ प्लग मात्र शक्य असेल तर कापू नका, कारण पुढे कोणी गाडी मूळ स्थितीत आणू पाहील तेव्हा पहिला शोध त्याचाच घेतला जातो.

आता गतिनियंत्रक. तांब्याच्या पट्ट्यांवरून सरकणारा दांडा मोटारीला कमी वेगात रोधकातून वीज देतो आणि पूर्ण वेगात रोधक वगळतो. कमी वेगात जी ऊर्जा मोटारीला मिळत नाही, ती उष्णता बनून रोधकात जिरते. म्हणूनच तो उघड्या हवेत बसवलेला असतो आणि चालताना हात भाजण्याइतका तापतो. तो झाकू नका आणि प्लॅस्टिकला टेकू देऊ नका. पट्ट्यांवर काळपट डाग असतील, तर पेन्सिलचे खोडरबर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर पुरे; पॉलिश पेपरने घासल्यास ओरखडे पडून पट्ट्या लवकर जळतात. रोधकाचे मूल्य ओहमच्या अंशात असल्यामुळे साधा मल्टिमीटर शून्याच्या जवळचा आकडा दाखवील. तो पाहून रोधक ‘शॉर्ट’ झाला असे समजू नका, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचाही तेवढाच रोध असतो. आकडाच न उमटल्यास मात्र तो तुटला आहे.

मोटार गाडीतून काढा. तिच्या दोन्ही टोकांच्या बुशमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा (दोन थेंब सोडले की एक ब्रशवर जातो आणि काम वाढते) आणि हाताने फिरवून पाहा. ती मोकळी फिरल्यावर दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर, काही मिनिटे चालू द्या. सुरुवातीला ठिणग्या आणि खरखर दिसली, तरी ब्रश घासून कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर टेकतात तो मोटारीतील फिरता तांब्याचा भाग) उजळला की दोन्ही कमी होतात. टर्मिनलपासून मोटारीच्या पत्र्यापर्यंत दोन आणि दोन्ही टर्मिनलमध्ये एक असे ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर आहेत का पाहा. त्यांवर १०४ असा आकडा असतो. ते तुटले असतील, तर ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट थेट रेडिओत शिरतो आणि गाडी आपोआप वळते. हे बघायचे सोडून रेडिओच बदलणारे मी कितीतरी पाहिले आहेत. मीही एकदा तेच केले.

रेडिओचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुना २७ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर बहुधा चालेल, पण तो बीईसी प्रकारचा आहे का हे त्यावरील अक्षरांवरून ठरवा. बीईसी रिसीव्हर ७.२ व्होल्ट घेऊन स्वतःच कमी व्होल्ट तयार करतो; साधा रिसीव्हर मात्र चार पेन्सिल सेलवर चालतो आणि त्याला मुख्य बॅटरी जोडली तर तो जळतो. हीच चूक आधुनिक २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर बसवणाऱ्यांकडून उलट बाजूने होते. आजचा रिसीव्हर वीज घेतो ती इलेक्ट्रॉनिक गतिनियंत्रकाकडून. जुना यांत्रिक नियंत्रक त्याला काहीच देत नाही. तेव्हा वेगळा व्होल्टेज नियामक किंवा सेलचा वेगळा डबा हवाच. शिवाय जुन्या सर्व्होंच्या तिन्ही तारांचा क्रम आजच्यासारखा असेलच असे नाही, म्हणून प्लग घालण्यापूर्वी क्रम मीटरने पडताळा.

ठेवावे की बदलावे, यावर माझे मत असे. गाडी मुलाला अधूनमधून दाखवायची असेल, तर यांत्रिक नियंत्रक ठेवा. त्याचा खट्-खट् आवाज आणि तीन पायऱ्यांचा वेग हाच या गाडीचा स्वभाव आहे. दर रविवारी मैदानात पळवायची असेल, तर कार्बन ब्रशच्या मोटारीसाठीचा, म्हणजे मोटारीकडे दोन तारा जाणारा, आधुनिक नियंत्रक बसवा, रोधक पूर्णपणे काढा आणि जुने भाग नावाची चिठ्ठी लावून डब्यात ठेवा.

पहिली चाचणी घेताना गाडी विटेवर ठेवून चाके अधांतरी राहू द्या. आधी ट्रान्समीटर चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. स्क्रू काढताना जपानी मापाचा पेचकस वापरलात तर उत्तम, कारण साधा फिलिप्स पेचकस या स्क्रूंत नीट बसत नाही आणि घसरून खाच खराब करतो.

प्रश्न : माझ्याकडे अशाच गाडीचा फक्त रिसीव्हर उरला आहे. बाजारातील खेळण्यांच्या रिमोटवरही २७ मेगाहर्ट्झ लिहिलेले असते. तो चालेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चालणार नाही. वारंवारता एकच असली, तरी खेळण्याचा रिमोट ‘पुढे’, ‘मागे’ असे ठरीव संकेत पाठवतो, तर आपला रिसीव्हर प्रत्येक सर्व्होचा कोन सांगणाऱ्या स्पंदांची मालिका अपेक्षितो. जुना ट्रान्समीटर मिळाला, तर स्फटिकांची (वारंवारता ठरवणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या छोट्या भागांची) जोडी जुळवा. रिसीव्हरचा स्फटिक ट्रान्समीटरपेक्षा ४५५ किलोहर्ट्झने खाली असतो, म्हणजे २७.१४५ असलेल्या ट्रान्समीटरला २६.६९० चा रिसीव्हर स्फटिक लागतो. दोन्हीकडे सारखा आकडा घातला, तर गाडी हलणार नाही. रिसीव्हरची लांब तार ही अँटेना आहे. ती जास्तीची समजून कापू नका.

प्रश्न : जुन्या गाडीत लिथियम पॉलिमर बॅटरी घालावी का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : यांत्रिक नियंत्रक असेल तर घालू नये. हा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बिघडतो, फुगतो आणि पुढच्या चार्जिंगमध्ये पेटू शकतो. आणि जुन्या गाडीत वेळीच वीज तोडणारे काहीही नाही. ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घ्या. गाडी मंदावली की ती थांबवा, आणि बॅटरी थंड झाल्यावरच चार्जरला लावा. खोबणीचे माप आधी घ्या. बॅटरी बसत नाही म्हणून मूळ सांगाडा तासणाऱ्या कोणाचे तरी पत्र आम्हाला दरवर्षी येते.