तत्त्वज्ञान आणि संगीत : धड ना हे, धड ना ते?

"मॅडम, दोन डगरींवर पाय ठेवून ही मधल्यामध्ये पडेल. धड गाणं नाही आणि धड तत्त्वज्ञानही नाही," असे विषयनिवडीच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका मुलीचे बाबा पहिल्याच भेटीत म्हणाले. मुलगी शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाण्याच्या बेतात होती. दहा वर्षे ती गाणे शिकत होती आणि गेल्या वर्षभरात तिला तत्त्वज्ञानाच्या वाचनाची ओढ लागली होती. ही काळजी माझ्यासमोर अनेक पालकांनी मांडली आहे, आणि ती निराधार आहे असे मी कोणालाही सांगत नाही, कारण दोन विषय केवळ आवडतात म्हणून शेजारी शेजारी ठेवले, तर बाबा म्हणत होते तसेच घडण्याची शक्यता असते.

आमचा पहिला आराखडा चुकला आणि ती चूक माझी होती. समतोल साधण्यासाठी मी दिवसाचे निम्मे तास एका विषयाला आणि निम्मे दुसऱ्याला असे आखून दिले, आणि प्रवेशापूर्वी चार आठवडे तसे वागून पाहायला तिला सांगितले. ती वही घेऊन परत आली तेव्हा वहीतली पाने पाहूनच मला चूक कळली. रियाजाच्या नोंदी सलग होत्या. वाचनाच्या नोंदी मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यावर तुटलेल्या होत्या, आणि एका पानावर "पुन्हा पहिल्यापासून" असे तिने तीनदा लिहिले होते. रियाज रोज ठरावीक वेळी व्हावा लागतो. चार दिवस चुकले तर ते गळ्याला कळते आणि रविवारी जास्त गाऊन ती तूट भरून निघत नाही. तत्त्वज्ञानाचे तसे नाही. एखाद्या युक्तिवादाच्या मुळाशी जायचे तर आठवड्यातून दोन-तीन दुपारी पूर्ण मोकळ्या मिळाव्या लागतात, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत ते जमत नाही. तेव्हा विषयांत तास समान वाटण्यापेक्षा प्रत्येक विषय दिवसाकडून काय मागतो हे आधी पाहावे, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

त्यानंतर आम्ही विषयांच्या क्रमाकडे वळलो. संगीतशास्त्र आणि स्वरज्ञानाचे वर्ग बहुधा पायरीपायरीने चढत जातात; पहिली पायरी पहिल्या वर्षी घेतली नाही, तर पुढच्या पायऱ्या तितक्याच लांबतात. तत्त्वज्ञान या बाबतीत थोडे सैल असते, पण तर्कशास्त्र मात्र सुरुवातीलाच करून टाकणे हिताचे, कारण पुढच्या प्रत्येक निबंधात ते कामाला येते. म्हणून पहिले वर्ष संगीताकडे झुकलेले आणि तर्कशास्त्राची जोड असलेले ठेवले, तिसरे तत्त्वज्ञानाकडे झुकलेले. आणखी एक गोष्ट प्रवेशाआधीच तपासावी लागते : प्रत्यक्ष गायन-वादनावर आधारलेल्या पदवीत सराव, तालमी आणि सादरीकरण यांनी वेळापत्रक इतके भरलेले असते की दुसऱ्या विषयाला जागा फार थोडी उरते, तर कला शाखेतील पदवीत संगीत मुख्य आणि तत्त्वज्ञान दुय्यम, किंवा उलट, असे घेणे सोपे जाते. तिने दुसरा मार्ग निवडला आणि गुरूंकडची तालीम महाविद्यालयाबाहेर चालू ठेवली.

तरीही हे सगळे वेळापत्रकच होते. दोन्ही विषय एकमेकांना धरून ठेवतील असा प्रश्न तिच्याजवळ आहे का, हे मला पाहायचे होते. ती तिसऱ्या भेटीला तानपुरा घेऊन आली. जुळवून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, खर्जाच्या तारेकडे लक्ष द्या. गंधार ऐकू येतोय ना? पण गंधाराची तारच नाही यात. मग तो आहे कुठे?" खर्जाच्या, म्हणजे खालच्या 'सा'च्या, मूळ कंपनाच्या पाचपट कंपनसंख्येचा अंशस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारा वरचा सूर, त्या तारेत असतो; तो 'ग' असल्याने त्यालाच गाणारे स्वयंभू गंधार म्हणतात, हे तिला ठाऊक होते. तिला विचारायचे होते ते त्याच्या पुढचे : ज्याचा कान तयार नाही त्याला तो ऐकूच येत नसेल, तर तो स्वर तारेत आहे असे म्हणायचे की ऐकणाऱ्यात? मला त्या क्षणी मनापासून आनंद झाला, कारण हा प्रश्न एकट्या संगीताच्या वर्गात किंवा एकट्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात सुटणारा नव्हता.

अशा प्रश्नांची परंपरा लांबची आहे, हे बाबांना सांगणे मला आवश्यक वाटले. तारेची लांबी निम्मी केली की वरचा षड्ज (सा) आणि दोन तृतीयांश केली की पंचम (प) मिळतो, या निरीक्षणावर प्राचीन ग्रीक विचारवंत पायथागोरसच्या अनुयायांनी विश्वाच्या रचनेचा विचार उभा केला. रसाचा अनुभव नेमका कोणाचा, नटाचा की प्रेक्षकाचा, याची चर्चा काश्मीरच्या अभिनवगुप्त या तत्त्वज्ञाने भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या टीकेत केली. संगीताचा आशय भावनांत नसून स्वरांच्या गतिमान आकृतींत आहे, असे संगीतसमीक्षक हान्सलिकने १८५४ मध्ये मांडले आणि तो वाद आजही संपलेला नाही. विसाव्या शतकातला जर्मन विचारवंत अडोर्नो तर तत्त्वज्ञ असूनही संगीतकार आल्बान बेर्गकडे संगीतरचना शिकला होता.

"पण पोटापाण्याचं काय?" हा बाबांचा प्रश्न शेवटी आलाच. या जोडीतून थेट नोकरी मिळेल असे मी म्हटले नाही, कारण ते खरे ठरले नसते. अध्यापन, संगीतविषयक लेखन आणि संपादन, ध्वनिसंग्रहांचे काम, पुढील संशोधन अशा वाटा आहेत, पण प्रत्येकीला पदवीनंतर आणखी काही शिकावे लागते. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस थांबून पुन्हा हिशेब करायचा, असे आम्ही तिघांनी ठरवले.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरच्या त्या भेटीत तिने संगीताच्या इतिहासाचा एक ऐच्छिक वर्ग सोडून त्या जागी संस्कृत घेतले, मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून. अंतिम वर्षाच्या प्रबंधासाठी तिने गंधाराचाच विषय लिहून आणला होता. बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि तिला विचारले, "तो गंधार मलाही ऐकू येईल का?"